पिट्युटरीचा एमआरआय काढायला निघालात? आधी हे वाचा

पिट्युटरीच्या गाठीची शंका घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातात दोनच गोष्टी असतात. ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी, आणि घाई. रक्ताचे रिपोर्ट मागितले की उत्तर येतं, "ते नंतर करू, आधी डोक्यात काय आहे ते बघून टाका." मी बेळगावात एमआरआय मशीनवर काम करतो. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणं माझं काम नव्हे. पण काचेमागे बसून रोज जे दिसतं त्यावरून एवढं ठासून सांगतो की या आजारात रक्त पहिलं आणि फोटो दुसरा. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे जातातच, वर नसलेला आजारही गळ्यात पडू शकतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यातले जे लोक पहिल्यांदाच या भानगडीत सापडलेत, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यामागे फायली घेऊन धावणाऱ्या घरच्या माणसांसाठी हे लिहितोय.

शोधतोय ते नेमकं काय

पिट्युटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी. नाकाच्या मुळाच्या मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्या खोबणीत ती बसलेली असते. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. एवढीशी असली तरी थायरॉइड, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी, बायकांची बीजांडं, पुरुषांची वृषणं, सगळ्यांवर तिचा हुकूम चालतो. तिच्यात होणाऱ्या गाठी जवळजवळ नेहमीच साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. १० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर तिला मायक्रोॲडिनोमा म्हणतात. ग्रंथी वाटाण्याएवढी, मग त्यातली ही गाठ कधी मोहरीएवढी, कधी ज्वारीच्या दाण्याएवढी.

मोठी गाठ वर सरकून नजरेच्या नसांवर दाब देते आणि माणसाला दोन्ही बाजूंचं कमी दिसायला लागतं. लहान गाठीचा तेवढा आवाका नसतो. तिचा पत्ता लागतो तो तिने रक्तात सोडलेल्या जास्तीच्या हार्मोनमुळे.

सगळ्यात जास्त आढळते ती प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारा हार्मोन, बनवणारी गाठ. पाळी लांबते किंवा थांबते, बाळंतपण नसताना छातीतून दूध येतं, मूल राहत नाही. पुरुषांत इच्छा कमी होते, पण लाजेपोटी कुणी बोलत नाही, म्हणून त्यांची गाठ सापडते तेव्हा बहुतेक वेळा मोठी झालेली असते.

दुसरी एसीटीएच, म्हणजे ॲड्रिनलला कामाला लावणारा हार्मोन, बनवणारी. तिच्यामुळे ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) ओतत सुटतात, आणि त्या आजाराला क्युशिंग डिसीज म्हणतात. हार्वी क्युशिंग या अमेरिकन सर्जनने १९३२ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा एमआरआयचा पत्ताही नव्हता. चेहरा गोल होतो, पोट सुटतं पण हातपाय काटकुळे राहतात, पोटावर-मांडीवर बोटाएवढे रुंद जांभळट पट्टे उठतात, जरा आपटलं तरी काळंनिळं पडतं, बीपी आणि शुगर एकदम वर जाते. एक खूण घरच्यांनी नीट बघावी. जेवण झाल्यावर पाटावरून उठताना माणूस हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही का? नुसत्या जाडीने असं होत नाही, मांड्यांचे स्नायू झिजल्यामुळे होतं.

तिसरी ग्रोथ हार्मोनची. तिचा आजार ॲक्रोमेगाली. हातपाय रुंद होतात, जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, आवाज घोगरा होतो, झोपेत घोरणं वाढतं. वर्षानुवर्षं हे इतकं हळू होतं की घरच्यांच्या लक्षातच येत नाही. आपल्या भागात अथणी-निपाणीकडे अजून माप देऊन चप्पल करून घेणारी माणसं आहेत. चाळिशीनंतर तुमचं माप वाढत चाललंय असं कारागीर म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका. मात्र ही गाठ लक्षात येईपर्यंत बहुधा एक सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन, बनवणारी चौथी गाठ फारच विरळ. थायरॉइडचा हार्मोन टी४ वाढलेला असूनही टीएसएच खाली गेलेलं नसेल, तर डॉक्टरांना ती आठवते.

पायरी पहिली: जुने फोटो आणि गोळ्यांची पिशवी

डॉक्टरांकडे जाताना लग्नाच्या अल्बममधला एक फोटो, पाच-सात वर्षांपूर्वीचा एक आणि आजचा एक, असे तीन न्या. हार्मोनच्या डॉक्टरांना, म्हणजे एंडोक्रायनोलॉजिस्टना, हे फोटो बघून जे कळतं ते तुमच्या पंधरा मिनिटांच्या वर्णनात कळत नाही. पाळीच्या तारखा आठवतील तेवढ्या लिहून न्या.

आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मेडिकलवाल्याने दिलेल्या, वैदूच्या, गुडघेदुखीच्या पुड्या, दम्याचा पंप, गोरं होण्याचं क्रीम, सगळ्या. ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि लोक नेमकी हीच वगळतात.

प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधं घरोघर आहेत. ॲसिडिटीसाठी आपण जी गोळी सकाळी उपाशीपोटी घेतो, तिच्यात पुष्कळदा डॉम्पेरिडोन किंवा लिव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारावरचं रिस्पेरिडोन, यांनीही प्रोलॅक्टिन चढतं. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस थांबवून परत तपासलं की कित्येकदा आकडा आपोआप खाली येतो आणि एमआरआय टळतो. मानसिक आजाराची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

गोल चेहऱ्याचंही तसंच. सांधेदुखीवर ‘लगेच गुण’ देणाऱ्या पुडीत स्टेरॉइड असतं, हे आपल्याकडे जुनंच दुखणं आहे. महिनोन्महिने ती खाल्ली की माणूस हुबेहूब क्युशिंगचा पेशंट दिसायला लागतो. बाहेरून आलेल्या स्टेरॉइडमुळे चेहरा सुजलाय, तर डोक्यात गाठ शोधून काय मिळणार? पण हे कळल्यावर पुडी फेकून द्यायची नाही. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं बंद केलेलं असतं, आणि एकदम थांबवलं तर उलट्या, चक्कर, बीपी कोसळणं असं जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.

पायरी दुसरी: रक्त, आणि ते कधी कुठे द्यायचं

प्रोलॅक्टिनसाठी सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून रक्त द्यावं. धापा टाकत जिना चढून लगेच हात पुढे करू नका. ताणाने आणि दमणुकीनेसुद्धा आकडा वाढतो. त्याच वेळी टीएसएच, आणि पाळी चुकलेली असेल तर दिवस गेलेत का याची तपासणी, हे दोन्ही हवंच. थायरॉइड फार कमी असेल तर प्रोलॅक्टिन वाढतं, आणि पिट्युटरी सुजून फोटोत गाठीसारखी दिसते. थायरॉइडच्या गोळीने ती सूज उतरते. हे न बघता थेट एमआरआयला येऊन घाबरून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आकड्याचा अंदाज असा. बायकांत साधारण २५ नॅनोग्रॅमपर्यंत ठीक. तीस-पन्नास-साठ असेल तर औषध, थायरॉइड, पीसीओडी, ताण हे सगळे संशयित. २०० च्या वर गेला आणि गर्भ नसेल, तर गाठीचीच शक्यता जास्त. लहान गाठींचे आकडे पुष्कळदा मधल्या पट्ट्यात पडतात, म्हणून तिथे डॉक्टरांची पारख लागते. लक्षण काहीच नसताना आकडा जास्त आला तर ‘मॅक्रोप्रोलॅक्टिन’ तपासायला सांगतात. तो प्रोलॅक्टिनचाच एक निरुपद्रवी प्रकार, रिपोर्ट फुगवणारा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा. काही मशीनवर त्याने हार्मोनचे आकडे चुकतात.

कॉर्टिसॉलचं गणित जरा किचकट. नुसतं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त आलं म्हणून क्युशिंग ठरत नाही. तीन चाचण्या वापरतात: रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलीग्रॅम मात्रा घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला कॉर्टिसॉल, रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, आणि २४ तासांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल. यातल्या निदान दोन बिघडलेल्या असाव्या लागतात. पहिल्या चाचणीत सकाळचा आकडा १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर सहसा क्युशिंग नाही असं धरतात.

आता जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाने रात्री ११ ला घरी गोळी घेतली, तर सकाळी ८ ला बेळगावच्या लॅबमध्ये तो पोचणार कसा? पहिल्या बसची वाट बघत दहा वाजवले की चाचणी बिनकामाची. त्या रात्री शहरात पाहुण्यांकडे मुक्काम करा आणि गोळी तिथेच घ्या. आपल्याकडे डेक्सामेथासोनची गोळी बहुधा अर्ध्या मिलीग्रॅमची मिळते, म्हणजे दोन घ्यायच्या. एकच घेऊन आलेले लोकही असतात. पाळीच्या किंवा संततिनियमनाच्या गोळ्या, टीबीवरचं रिफाम्पिसिन, फिटवरचं फेनिटॉइन चालू असेल तर ही चाचणी फसते, ते आधीच सांगायचं. रात्रपाळीवाल्यांना लाळेची चाचणी चालत नाही.

कॉर्टिसॉल जास्त आहे हे पक्कं झालं की मग एसीटीएच. हा हार्मोन फार नाजूक. जांभळ्या टोपणाच्या नळीत, बर्फावर, आणि लवकर लॅबमध्ये गेला पाहिजे. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर सकाळी रक्त देऊन संध्याकाळच्या गाडीने ते जाणार असेल तर देऊ नका. लॅब जिथे आहे तिथे जाऊन द्या. एसीटीएच अगदी कमी आलं तर दोष ॲड्रिनलमध्ये, मग डोक्याचा फोटो काढायचं कारणच नाही. कमी आलं नाही तरच पिट्युटरीकडे बोट जातं.

ॲक्रोमेगालीसाठी आयजीएफ-१ बघतात, म्हणजे ग्रोथ हार्मोनच्या हुकमाने रक्तात वाढणारा हार्मोन. शंका उरली तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांत ग्रोथ हार्मोन दबतं का ते तपासतात.

पायरी तिसरी: चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघा

रक्ताने बोट दाखवलं, आता फोटो. सीटी स्कॅनमध्ये एवढी बारीक गाठ सहसा दिसत नाही, कवटीचा एक्स-रे तर विसराच. एमआरआयच हवा, आणि तोही पिट्युटरीचा.

साध्या ब्रेन एमआरआयमध्ये साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतात, मध्ये थोडी जागा सोडून. ३ मिलिमीटरची गाठ त्या कापात विरघळून जाते किंवा दोन कापांच्या मधे राहून जाते. पिट्युटरीच्या एमआरआयमध्ये फक्त तेवढ्याच भागावर नेम धरून २ ते ३ मिलिमीटरचे काप घेतात, समोरून आणि बाजूने, रंगाच्या इंजेक्शनच्या आधी आणि नंतर. म्हणून चिठ्ठीवर ‘एमआरआय पिट्युटरी, डायनॅमिक कॉन्ट्रास्टसह’ अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलेलं असलं पाहिजे. डायनॅमिक म्हणजे रंग चढत असतानाच लागोपाठ काढलेले फोटो. ‘एमआरआय ब्रेन प्लेन’ लिहिलं असेल तर परत जाऊन विचारा, लाजू नका. एकदा ब्रेन काढून ‘नॉर्मल’ आलं की पेशंट निश्चिंत होतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा खर्च करून तोच माणूस आमच्याच टेबलावर झोपतो.

चिठ्ठीवर रक्ताचे आकडेही असावेत. ‘प्रोलॅक्टिन १४०, पाळी आठ महिने बंद’ हे वाचून रेडिओलॉजिस्ट ज्या नजरेने फोटो बघतात, ती ‘डोकेदुखी’ वाचून बघायच्या नजरेपेक्षा वेगळी असते. रिपोर्टची फाइल सोबत आणा, मोबाइलमधला अर्धा कापलेला फोटो नको.

मशीन दीड टेस्लाचं का तीनचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), हा प्रश्न हल्ली सगळेच विचारतात. तीन टेस्लावर बारीक गाठ जास्त स्पष्ट दिसते, विशेषतः क्युशिंगमध्ये. पण घाईघाईत काढलेल्या तीन टेस्लापेक्षा नीट पद्धतीने काढलेला दीड टेस्लाचा फोटो मला केव्हाही बरा. सेंटरला फोन करून विचारायचं ते असं: "पिट्युटरीचा डायनॅमिक करता का?" ‘हो, रोज करतो’ आणि ‘करू की, या’ या दोन उत्तरांतला फरक तुम्हाला फोनवरच कळेल.

पायरी चौथी: मशीनच्या दारात

रंगाचं इंजेक्शन म्हणजे गॅडोलिनियम. त्याआधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, कारण किडनी फारच बिघडलेली असेल तर काही प्रकारचं गॅडोलिनियम धोक्याचं ठरतं. शुगर-बीपीच्या जुन्या पेशंटनी हा रिपोर्ट आधीच करून आणावा, एक फेरी वाचते. पोटात बाळ असेल तर सहसा हे इंजेक्शन देत नाहीत, तेव्हा शंका असेल तर स्पष्ट सांगा, सासूसमोर संकोच वाटला तर नर्सला बाजूला घेऊन सांगा. अंगावर पिणारं बाळ असेल तर साधारणपणे दूध थांबवायची गरज नसते. उपाशी यायचं की नाही ते सेंटर सांगेल तसं.

मशीनचं चुंबक चोवीस तास चालू असतं, मशीन बंद आहे असं वाटलं तरी. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, यातलं काहीही असेल तर आत पाऊल टाकण्याआधी बोला. उद्यमबागच्या कारखान्यांत लेथवर, ग्राइंडरवर काम केलेल्यांनी डोळ्यातल्या कणाची गोष्ट मुद्दाम सांगावी. कॉपर-टी असलेल्यांना सहसा अडचण येत नाही, तरी फॉर्मवर लिहावं.

मग येतं ते दागिन्यांचं. जोडवी, पैंजण, चमकी, आकडे, ब्लाउजला आतून लावलेली सेफ्टी पिन, पोरांच्या कमरेचा करदोटा, दंडातला ताईत. ताईत सगळ्यांत जास्त विसरला जातो. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण गळ्यातलं आणि नाकातलं फोटो बिघडवतं, तापूही शकतं. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल तर आदल्या दिवशीच सेंटरला विचारून काळे मणी साध्या दोऱ्यात ओवून या. काजळ-सुरमा पुसून या, गाठ डोळ्यांच्या मागच्या भागातच शोधायची आहे.

संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. बेळगावात मराठी समजणारं कुणीतरी काउंटरवर असतंच, आणि न वाचता सही करण्याची गडबड कुणालाच नसते.

आत गेल्यावर पाठीवर झोपायचं, डोक्याभोवती पिंजऱ्यासारखी कॉइल बसवतात, कानात बोळे, हातात एक रबरी फुगा. भीती वाटली तर तो दाबायचा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. टकटक, घरघर, मधेच ड्रिल चालल्यासारखा आवाज, हे सगळं नेहमीचं.

हाताच्या शिरेत सुई आधीच लावून ठेवलेली असते. सुरुवातीचे साधे फोटो झाले की आम्ही माइकवरून सांगतो, "आता इंजेक्शन जाणार, हात गार लागेल, अजिबात हलू नका." समोरच्याला कन्नड बरं कळत असेल तर "अल्लाडबेडी". रंग शिरेत जायला लागतो तसं मशीन त्याच ठिकाणचे फोटो दर दहा-वीस सेकंदांनी घेत राहतं, एक-दोन मिनिटं. चांगली ग्रंथी रंग पटकन पिते आणि पडद्यावर उजळते. गाठीत रंग उशिरा चढतो, म्हणून त्या एक-दोन मिनिटांत ती उजळ ग्रंथीत काळसर ठिपका बनून दिसते. थोडा वेळ गेला की गाठही रंग पिते आणि दोन्ही सारखे दिसायला लागतात. म्हणजे बारीक गाठ दिसायची संधी जेमतेम एवढीच. नेमकं तेव्हाच कुणी गिळलं, खोकलं किंवा "झालं का हो?" विचारलं, की ते फोटो हलतात, आणि रंग परत काढून घेता येत नाही. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. बंद जागेची भीती असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलून शांत करणारी गोळी घ्या, आणि घरी न्यायला कुणीतरी बरोबर आणा.

पायरी पाचवी: रिपोर्टातले घाबरवणारे शब्द

रिपोर्ट इंग्रजीत येतो आणि गावाकडे पोचेपर्यंत त्याचे दहा अर्थ होतात. काही शब्द इथेच सोडवून टाकू.

‘हायपोएन्हान्सिंग फोकस’ म्हणजे वर सांगितलेला तो काळसर ठिपका. मिलिमीटरमध्ये माप आणि डावी-उजवी बाजू लिहिलेली असते. ‘स्टॉक डेव्हिएशन’ म्हणजे ग्रंथीचा देठ एका बाजूला कललाय. आधाराचा पुरावा आहे, पण एकट्याने काही सिद्ध करत नाही, जन्मतः थोडा कललेला देठही असतो. ‘ऑप्टिक कायझमा’ म्हणजे नजरेच्या नसांची चौफुली, लहान गाठ तिच्यापासून लांब असते. ‘कॅव्हर्नस सायनस’ हा ग्रंथीच्या दोन्ही बाजूंचा शिरांचा भाग, ऑपरेशनवाल्यांना त्यात रस. ‘राथके क्लेफ्ट सिस्ट’ ही जन्मापासूनची पाण्याची पिशवी, बहुधा निरुपद्रवी. ‘पोस्टेरिअर ब्राइट स्पॉट’ दिसतोय असं लिहिलं असेल तर ते चांगलंच आहे, ग्रंथीचा मागचा भाग जागेवर असल्याची खूण.

‘पार्शियल एम्प्टी सेला’ वाचून डोक्यात काहीतरी रिकामं झालंय असं समजून रडणाऱ्या माणसांना मी खुर्चीत बसवून पाणी दिलंय. त्या हाडाच्या खोबणीत थोडं पाणी शिरून ग्रंथी तळाशी चपटी बसलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. खूप जणांत ती अशीच सापडते. डॉक्टर हार्मोन एकदा तपासून घेतात.

‘बल्की पिट्युटरी’ हाही तसलाच शब्द. वयात येणाऱ्या पोरींची, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांची ग्रंथी मुळातच फुगीर असते. बाळंतपणाच्या सुमारास ती १२ मिलिमीटर उंचीपर्यंत जाऊ शकते. चिठ्ठीवर वय आणि बाळंतपणाची तारीख नसेल तर फोटो बघणाऱ्याला हे कळणार कसं?

सगळ्यात मोठा घोळ ‘मायक्रोॲडिनोमा’ याच शब्दाने होतो. धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तरी दहातल्या एकाच्या आसपास पिट्युटरीत काहीतरी बारीक ठिपका निघतो. तो आयुष्यभर काही करत नाही. म्हणून डोकेदुखीसाठी काढलेल्या फोटोत ४ मिलिमीटरचा ठिपका निघाला आणि सगळे हार्मोन नीट असले, तर ऑपरेशनचं नाव काढायचं नसतं. साधारण वर्षाने परत फोटो काढून बघतात. रक्ताची फाइल नसेल तर मात्र हा ठिपका दोषी की निर्दोष, हे जगातला कुठलाही रेडिओलॉजिस्ट सांगू शकत नाही.

फोटोत काहीच दिसलं नाही तर

प्रोलॅक्टिन जास्त, औषध-थायरॉइड-गर्भ सगळं नाही, आणि फोटो साफ. अशा वेळीही डॉक्टर प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबरगोलिनची गोळी देऊन बघतात. गाठ दिसली तरी पहिला उपाय बहुतेक वेळा हीच गोळी, त्यामुळे फार अडत नाही.

क्युशिंगमध्ये मात्र अडतं, कारण तिथे पहिला उपाय ऑपरेशन. नाकातून जाऊन गाठ काढायची, आणि सर्जनला कुठे कापायचं ते कळलं पाहिजे. या आजारातल्या गाठी इतक्या बारीक असतात की साध्या पद्धतीच्या एमआरआयमध्ये जवळपास चाळीस-पन्नास टक्के लोकांची गाठ दिसतच नाही. फोटो नॉर्मल आला म्हणून ‘काही नाही, वजन कमी करा’ असं कुणी म्हणालं आणि रक्ताच्या दोन चाचण्या बिघडलेल्या असतील, तर तिथे थांबू नका.

पुढचा टप्पा म्हणजे पिट्युटरीची सवय असलेल्या केंद्रात एक मिलिमीटर जाडीच्या कापांचा फोटो. त्यातही नाही दिसलं, किंवा दिसलेला ठिपका ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर आयपीएसएस करतात. दोन्ही जांघांतल्या शिरांतून बारीक नळ्या वर सरकवत पिट्युटरीचं रक्त जिथे उतरतं त्या डाव्या-उजव्या शिरांपर्यंत नेतात, आणि तिथलं व हातातलं रक्त एकाच वेळी घेतात. डोक्याकडच्या रक्तात एसीटीएच हातातल्यापेक्षा किमान दुप्पट, किंवा उत्तेजन देणाऱ्या इंजेक्शननंतर किमान तिप्पट निघालं, तर मूळ पिट्युटरीतच. नाही निघालं तर छाती-पोटात लपलेली दुसरी गाठ शोधायची. गाठ डावीकडे की उजवीकडे याचं उत्तर या तपासणीने तितकं खात्रीचं मिळत नाही. आणि ती करताना कॉर्टिसॉल चढलेलं असावं लागतं. आजार चढ-उताराचा असेल तर उतारावर केलेली आयपीएसएस वाया. ६ ते ९ मिलिमीटरमध्ये डॉक्टरांची मतं वेगवेगळी पडतात, १० च्या पुढे सहसा करत नाहीत.

पेट स्कॅनचेही प्रयोग चालू आहेत. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी क्युशिंगच्या गाठीला चिकटणारा गॅलियमचा खास रंग वापरून केलेलं काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या भागातल्या पेशंटला अजून ते हाताशी नाही, पण डॉक्टरांच्या तोंडून नाव आलं तर बिचकू नका.

कुठे जायचं, कार्ड कुठलं न्यायचं

रक्त आणि पहिला एमआरआय इथेच होतो. बेळगावात बिम्सचं सरकारी हॉस्पिटल आहे, केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे, खासगी सेंटर आहेत. निपाणी-चिकोडीकडच्यांना कोल्हापूर किंवा मिरज जवळ, खानापूरकडचे काही गोव्याला बांबोळीला जातात. आयपीएसएससारख्या कामासाठी मात्र मोठं केंद्र गाठावं लागतं. मुंबईचं केईएम आणि वेल्लोरचं सीएमसी, या दोन्ही ठिकाणचे हार्मोन विभाग अशा पेशंटना सरावलेले आहेत. क्युशिंगचं ऑपरेशन तर वर्षाला अशी पुष्कळ ऑपरेशनं करणाऱ्या हातांनीच व्हावं. घराजवळ आहे म्हणून नव्हे.

कर्नाटकचं रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेचं कार्ड काढून ठेवा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, तेव्हा आपलं गाव त्या यादीत आहे का तेही बघा. या योजनांचा भर दाखल होऊन केलेल्या उपचारांवर असतो. नुसता एमआरआय त्यात बसतो का, हे ॲडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. बिल झाल्यावर विचारून उपयोग नाही.

पुढच्या फोटोसाठी

फिल्म दिली तरी सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. डायनॅमिकचे शंभराहून जास्त फोटो फिल्मवर मावत नाहीत, आणि केईएमला गेल्यावर डॉक्टर तेच मागतात. घरी आल्यावर त्याची एक प्रत काढून ठेवा, ओल्या पावसाळ्यात कपाटातल्या सीडीला बुरशी येते. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने काढा आणि जुने फोटो बरोबर न्या. ४ मिलिमीटरची गाठ दुसऱ्या मशीनवर ५ दिसली तर ती वाढली असं म्हणता येत नाही, तेवढा फरक मोजणाऱ्याच्या हातात असतो. कॅबरगोलिन चालू असताना दिवस गेले, तर पुढचा फोटो काढायची घाई न करता आधी डॉक्टरांना फोन करा. लहान गाठ असेल तर ते बहुधा गोळी थांबवायला सांगतात, आणि डोकं जोरात दुखलं किंवा नजरेत फरक पडला तरच, तोही बिनरंगाचा, एमआरआय सांगतात.